टाइनमाउथ स्टेशनातला बाजार बंद करावा का?

रुळवेडा: इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ समुद्रकाठी टाइनमाउथ नावाचं गाव आहे. तिथलं स्टेशन १८८२ सालचं, नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे वास्तुकार विल्यम बेल यांचं. ओतीव लोखंडाचे खांब आणि त्यावर काचेची लांबच लांब छतं! १९८० पासून तिथे टाइन अँड वेअर मेट्रो थांबते. छतं गंजून पार मोडकळीला आली होती, ती दुरुस्ती २०१२ मध्ये पूर्ण झाली. आता दर शनिवार-रविवारी त्या छतांखाली बाजार भरतो. माझ्या मते तो तिथून हलवावा. ग्रेड टू स्टार दर्जाची, म्हणजे कायद्याने जपलेली खास महत्त्वाची वास्तू आहे. खांब बघायला जावं तर आड जुन्या कपबश्यांची टेबलं. स्टेशन गाडीसाठी असतं.

खारावारा: अजिबात पटलं नाही. एवढं मोठं छत मुळात बांधलं कशाला? न्यूकॅसलहून उन्हाळ्यात समुद्रावर लोंढेच्या लोंढे यायचे म्हणून. सहलीच्या गाड्यांसाठी दोन्ही टोकांना वेगळे फलाट होते. मेट्रोला दोन फलाट पुरतात. उरलेली जागा ओस ठेवायची का?

रुळवेडा: ती गर्दी प्रवाशांची होती, गिऱ्हाइकांची नव्हे. या मार्गावर १९०४ मध्ये विजेवरची गाडी धावली, ब्रिटनमधल्या अगदी पहिल्या काही उपनगरी गाड्यांपैकी एक. बाजारात घासाघीस करताना हे कुणाच्या ध्यानात येणार?

जिनाचढ: मला इतिहासापेक्षा वाटेची काळजी आहे. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची घेऊन येणाऱ्याला गर्दीतून गाडीपर्यंत सरळ जाता आलं पाहिजे. तेवढी पट्टी कायम मोकळी ठेवा, मग बाजार खुशाल भरू दे.

खारावारा: ही मागणी रास्त आहे, मान्य. पण रुळवेडा, तुमच्याच तारखा पुन्हा बघा. मेट्रो १९८० मध्ये आली, छतं धड झाली २०१२ मध्ये. मधली इतकी वर्षं गाड्या रोज थांबत होत्या आणि डोक्यावर लोखंड गंजत होतं. नुसत्या गाडीने ही वास्तू वाचली नाही. समुद्राच्या हवेत रंग आणि काचा सतत सांभाळाव्या लागतात. ज्या छताखाली कुणी उभंच राहत नाही, त्याच्यासाठी पैसे मागायला कोण जाणार?

रुळवेडा: देखभालीचा मुद्दा खोडता येत नाही. तरी खांबांना दोरी-खिळा लागता कामा नये, आणि महिन्यातला एक रविवार छत मोकळं हवं. एवढ्यावर मी अडून राहणार.