एम.टेक. सीएसला गेट नकोच?

नांदेडची सीएसवाली: काल इथे एकाने लिहिलं, एम.टेक. सीएससाठी (कम्प्युटर सायन्स) गेट ही प्रवेश परीक्षा बंद करा, गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, केलेलं काम आणि मुलाखत बघून प्रवेश द्या. वाचून डोकं फिरलं. गिटहब म्हणजे काय हे आमच्या कॉलेजात सांगायला होतं कोण? लॅबमधली निम्मी यंत्रं बंद, जर्नल मात्र सीनियरचं उतरवून वेळेत पूर्ण. गेटला ६५ प्रश्न, १०० गुण, ३ तास. तिथे कॉलेज कुणी विचारत नाही.

कंपायलरवाला: ती पोस्ट माझीच. आमच्या लॅबमध्ये गेटमधून आलेल्या मुलांना पेज टेबलची, म्हणजे मेमरीच्या पत्त्यांची, गणितं तोंडपाठ असतात, पण सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोग्राम कोसळला की चूक शोधायला डीबगर कसा लावायचा ते माहीत नसतं. आयआयआयटी हैदराबाद स्वतःची परीक्षा घेते, चेन्नईची सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) ही घेते. काय बिघडलं?

नांदेडची सीएसवाली: आणि आयआयटीतूनच १० पैकी ८ सीजीपीएने बी.टेक. झालेल्यांना गेट माफ, त्यावर एक ओळ नाही तुमची!

नोकरी सोडलेला: प्रवेशाचं राहू द्या, एम.टेक.च्या विद्यावेतनावर कुणी बोलणार का? महिन्याला १२,४०० रुपये, वर आठवड्याला ८ तास टीएचं, म्हणजे प्राध्यापकांना शिकवण्यात मदतीचं, काम. पीएच.डी.वाल्यांची जेआरएफ फेलोशिप २०२३ मध्ये ३१,००० वरून ३७,००० झाली, आम्ही तिथेच. वडिलांकडे मेसचे पैसे मागायचे या वयात?

पवईकर: विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे. निम्मे जण प्लेसमेंटसाठीच येतात, संशोधनाचं नाव कशाला घेता?

नोकरी सोडलेला: हो, प्लेसमेंटसाठीच आलो. घरावर कर्ज आहे, लपवायचं काय त्यात? पण रात्री दोनपर्यंत तुमच्या बी.टेक.च्या पोरांच्या असाइनमेंट तपासतो, ते काम फुकटात हवंय का तुम्हाला?

पवईकर: आवाज चढवू नका.

नोकरी सोडलेला: आकडा चढवा, आवाज आपोआप उतरेल.

कंपायलरवाला: रक्कम तुटपुंजी आहे, मान्य. मूळ मुद्द्यावर येतो. गेट राहू दे, पण पहिली चाळणी म्हणून. त्यानंतर प्रत्यक्ष कोड लिहून घ्या. मुलाखतीचा हट्ट सोडतो, इंग्रजीमुळे चांगली मुलं मागे पडताना मीही पाहिलीत.

नांदेडची सीएसवाली: मग चालेल, पण त्या कोडिंग परीक्षेची सेंटरं गेटसारखी गावोगावी द्या. माझ्या मैत्रिणीला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. जाण्यायेण्याचं तिकीट आणि दोन रात्रींचा मुक्काम परवडेना म्हणून ती गेलीच नाही.