हॉस्पिटलात स्टाफ तोंडच उघडत नाही, सुरुवात कुठून करावी?

रात्रपाळी_परळ
ट्रस्टचं हॉस्पिटल, ८० बेड. महिन्याच्या मीटिंगला मॅट्रन (नर्सेसच्या प्रमुख) आणि एमएस (मेडिकल सुपरिंटेंडंट) बोलतात, बाकीचे चहा पितात. सूचनापेटीत चॉकलेटचे कागद निघतात. इन्सिडंट रिपोर्ट (चुका-अपघातांची नोंद) सलग कित्येक महिने शून्य, आणि वरच्यांना त्याचाच अभिमान. सकाळच्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवताना, रोजचा गोंधळ. एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मानांकनाची) तयारी चालू आहे, बजेट नावालाच. आधी काय हातात घ्यावं?

क्वालिटीवाला
शून्य रिपोर्ट म्हणजे लोक लिहीत नाहीत, एवढंच. ८० बेडमध्ये महिनाभरात एकही डोस उशिरा गेला नाही, एकही बिनलेबलची सिरिंज ट्रेमध्ये सापडली नाही, हे कुणाला पटेल?

आधी तुमचा फॉर्म बघा. त्यात 'जबाबदार कर्मचाऱ्याचं नाव' असा रकाना असणार. तो उडवा. अर्धं पान पुरे: काय झालं, कुठे, किती वाजता, पेशंटपर्यंत पोहोचलं का, काय बदलावं. लिहिणाऱ्याचं नाव ऐच्छिक. मराठी, हिंदी, इंग्रजी, काहीही चालेल; केरळच्या सिस्टरना मराठीत लिहायला लावलंत तर त्या लिहिणारच नाहीत.

पेटीची किल्ली मॅट्रनकडे नको. ज्यांच्या हातात रोस्टर आणि रजा, त्यांच्या हातात तक्रार कोण देईल? किल्ली क्वालिटी विभागाकडे, पेटी दर सोमवारी उघडायची, आणि सात दिवसांत उत्तर ड्यूटी रूमच्या फळ्यावर. 'हे जमणार नाही, कारण अमुक' हेसुद्धा उत्तरच. न मिळालेलं उत्तर मात्र पेटी कायमची बंद करतं.

सुरुवात थोडक्यात टळलेल्या चुकांपासून करा, त्यात कुणाची मान अडकत नाही. उदाहरणार्थ केसीएलची (पोटॅशियम क्लोराइडची) १० मिलीची अँप्यूल, १५ टक्के, म्हणजे २० एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट) पोटॅशियम. ती डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलशेजारी एकाच ट्रेमध्ये पडलेली असते. पातळ न करता थेट शिरेत गेली तर हृदय थांबू शकतं. कुणी ते लिहिलं, की त्याच दिवशी केसीएल वॉर्डच्या ट्रॉलीवरून काढून कुलुपात ठेवा, लाल स्टिकर लावा, आणि फळ्यावर लिहा की हे एका फॉर्ममुळे झालं. पोस्टर छापण्यापेक्षा याने जास्त फॉर्म येतात.

वॉर्ड_सात
हँडओव्हरचं बोलते. ड्यूटी आठला बदलते असं रोस्टर म्हणतं, पण हार्बर लोकल लेट झाली की येणारी सिस्टर सव्वाआठला दारात आणि जाणारीची नजर घड्याळावर. दोन पाळ्यांमध्ये अर्धा तास सामाईक ठेवा आणि तो पगारी धरा. फुकटचा वेळ मागितलात तर पहिल्या आठवड्यानंतर कुणी थांबणार नाही. हँडओव्हर काउंटरवर नको, बेडपाशी. सलाइन, ड्रेन, कॅथेटर दोघींनी डोळ्यांनी बघायचं.

डॉक्टरांना फोन करताना एसबीएआर वापरा: परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी. (मूळ अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधलं, पण चालतं छान.) नेहमीचा फोन असा असतो: 'सर, सात नंबरचं बीपी जरा कमी वाटतंय.' उत्तर ठरलेलं: 'बरं, सलाइन चालू ठेवा.' त्याऐवजी:

'सर, बेड सातसाठी फोन केलाय. पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, वजन ६० किलो. बीपी ९०/६०, पल्स ११८, श्वास २४, चार तासांत युरिन फक्त ६० मिली. आतून ब्लीडिंगची शंका वाटते. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर सीबीसी आणि क्रॉसमॅच पाठवू का?'

हेच आकडे न्यूज-२ या धोक्याचे गुण मोजणाऱ्या तक्त्यात घाला: श्वासाचे २, बीपीचे ३, पल्सचे २, एकूण ७. सात म्हणजे तातडीचा प्रतिसाद. भित्र्या सिस्टरला हा मोठा आधार आहे, कारण मग डॉक्टरांना ती बोलावत नाही, स्कोअर बोलावतो. फोनवरची ऑर्डर लिहून परत वाचून दाखवायची, आकडा सुटासुटा: 'वन-फाइव्ह, पंधरा.' फिफ्टीन-फिफ्टीचा घोळ तिथेच मिटतो.

ओटी_मामा
वरचं सगळं बरोबर, पण एकदा सर सगळ्यांसमोर ओरडले की तुमचे फॉर्म गेले भंगारात. मुंबईत कन्सल्टंट तीन-चार हॉस्पिटलं करतात, तुमच्या एचआरला ते बांधील नसतात. म्हणून त्यांच्या नेमणुकीच्या पत्रातच वागणुकीची अट घाला आणि एमएसनी ती स्वतः समजावून सांगावी.

स्टाफला तीन वाक्यं पाठ करून द्या, चढत्या क्रमाने: 'सर, मला काळजी वाटतेय.' 'सर, मला हे बरोबर वाटत नाही.' 'सर, थांबा, पेशंटला धोका आहे.' दोनदा सांगूनही ऐकलं नाही तर थेट कुणाला फोन करायचा, ते नाव आणि नंबर भिंतीवर हवा.

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) डब्ल्यूएचओची चेकलिस्ट २००८ पासून आहे, १९ मुद्दे. होतं काय, सर्क्युलेटिंग सिस्टर पेशंट टेबलवर यायच्या आधीच सगळ्या टिका मारून मोकळी. उपाय साधा: टाइम आउट (चीर देण्याआधी थांबून केलेली शेवटची तपासणी) मोठ्याने पूर्ण होईपर्यंत स्क्रब सिस्टर ब्लेड हातात देणार नाही. नाव आणि काम प्रत्येकाने सांगायचं, वॉर्डबॉय मामांनीसुद्धा. सुरुवातीला ज्याचा आवाज एकदा निघाला, तो पुढे गॉझचा काउंट जुळला नाही तर गप्प बसत नाही.

आणि पहिल्यांदा 'थांबा' म्हणणारा चुकला, तरी एमएसनी त्याचे सगळ्यांसमोर आभार मानायचे. तिथे कसूर केलीत तर बाकीचं करूच नका.

रात्रपाळी_परळ
आभारी आहे. दोन शंका. मावशी-मामा एजन्सीचे आहेत, ते बोलतील का? आणि फॉर्म वाढले की ट्रस्टी म्हणणार, चुका वाढल्या.

क्वालिटीवाला
मावशींना कॉन्ट्रॅक्ट जायची भीती असते. एजन्सीच्या करारात लिहून घ्या की रिपोर्ट केला म्हणून माणूस बदलता येणार नाही. त्यांचं म्हणणं तोंडी ऐका, फॉर्म क्वालिटीने भरावा. बेडसोर आधी त्यांनाच दिसतो.

ट्रस्टींना फॉर्म यायच्या आधीच सांगा की पहिले तीन-चार महिने आकडा चढणार. नुसती बेरीज दाखवू नका. दोन आकडे द्या: एकूण रिपोर्टपैकी पेशंटपर्यंत पोहोचलेले किती, आणि सात दिवसांत उत्तर दिलेले किती. पहिला आकडा उतरेल की नाही ते पुढे कळेल, दुसरा तुमच्या हातात आहे.