शेळ्या वैरण तुडवतात, निम्मी वाया जाते

प्रश्न (करवीर)
मंडळी, दिवाळीपासून दारात सहा उस्मानाबादी शेळ्या बांधल्यात. ऊसतोड चालू आहे, त्यामुळं वाडं (उसाचे हिरवे शेंडे) भरपूर मिळतं. भारा सोडला की चार शेंडे खातात, उरलेलं पायाखाली घेतात आणि मग त्याला तोंडसुद्धा लावत नाहीत. पण कुंपणाची जास्वंद सोलून काढली, शेवग्याची सालही! आई म्हणते माज आलाय, एक दिवस उपाशी ठेव. ठेवू का?

उत्तर (शाहूवाडी)
उपाशी अजिबात ठेवू नका दादा. माहेरी लहानपणापासून मी शेळ्यांमागं हिंडले, त्यावरून सांगते. शेळी म्हणजे म्हैस नव्हं, ढीग टाकला की चरत बसायला. खाताना तिचं तोंड जवळनं बघा. अरुंद असतं, वरचा ओठ बोटासारखा हलतो. बोरीच्या काट्यांतनं ती एकेक पान वेचून काढते. आधी वास घेते. शेणामुताचा, पायाचा वास आला की तोंड फिरवते. यात तिचंच भलं आहे, कारण लेंड्या पडलेल्या गवतातनं जंत पोटात जातात. डोंगरात बघाल तर मागच्या पायांवर उभी राहून झुडपाचा शेंडा ओढते. म्हणून वैरण जमिनीवर टाकूच नका. मी शेवरीच्या, हादग्याच्या डहाळ्या आडव्या बांबूला उलट्या टांगते, तिच्या मानेच्या उंचीला. रोज एकच पाला नको, दोन-तीन जातींचा मिसळून द्या.

उत्तर (हातकणंगले)
ताईंचं बरोबर आहे. त्यात वाड्याचा वेगळा मुद्दा आहे. वाड्यात ऑक्झलेट नावाचा घटक असतो, तो कॅल्शियम बांधून ठेवतो, अंगी लागू देत नाही. दुभत्या आणि गाभण शेळीला नुसत्या वाड्यावर ठेवणं धोक्याचं. कुट्टी म्हणजे बारीक तुकडे करून द्या, तीही थोडी, बाकी शेंगवर्गीय चारा हवा. 30 किलोच्या शेळीला दिवसाला पाण्याचा अंश वगळून साधारण एक किलो चारा लागतो, म्हणजे वजनाच्या 3 ते 4 टक्के. आणि उपाशी ठेवून मग मक्याचा भरडा भरपूर घातलात तर पोटात आम्ल वाढतं, शेळी दगावते. हे आमच्या वस्तीवर मी डोळ्यांनी बघितलंय.

प्रश्नकर्ता
काल संध्याकाळी तुळईला शेवरीच्या दोन डहाळ्या टांगल्या. खाली नुसत्या काड्या पडल्या! एक करडू आईच्या तोंडाला नाक लावून उभं होतं, मग त्यानंही एक पान ओढलं. बांधावर सुबाभूळ आहे, ती रोज चालेल का?

उत्तर (शाहूवाडी)
करडं अशीच शिकतात, आईच्या तोंडाच्या वासावरनं. म्हणून ती लहान असतानाच पाल्याची ओळख करून द्या. सुबाभूळ चालेल, पण एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच. त्यातल्या मायमोसिन नावाच्या विषारी घटकानं शेळीचे केस गळतात. बाकी तुरीचं भुसकट आणि भुईमुगाचा वाळका पाला आत्तापासनं साठवा. पाऊस लागला की आमच्याकडं ओल्या गवताला शेळी तोंड लावत नाही, तेव्हा हेच कामाला येतं.