धुळवडीचं मटण उरलंय, सँडविच जमेल का?

जळगावचा_पोरगा: काल धुळवडीला मामाकडे भुसावळला गेलो, मामीने निघताना डबाभर काळ्या मसाल्याचं मटण बांधून दिलं, आता रूमवर मी एकटा आणि भाकरी तर मला येत नाही. ब्रेडमध्ये भरलं की रस्सा गळून पार लगदा होतो राव, काय करू?

खापरवाली_ताई: अरे रस्सा आधी वेगळा काढ. पीस हाडावरून सोडवून बोटांनी तोड, मग दोन चमचे रश्शात मोठ्या आचेवर परत, तेल सुटून मसाला मटणाला चिकटला पाहिजे. ब्रेडला आतून लोणी लाव, ओल आत शिरत नाही. कच्चा कांदा, लिंबू, बस.

धुळेकर_७७: ब्रेड कशाला, पाव घे आणि तव्यावर दाबून भाज. शेव अगदी खाताना टाक, नाहीतर मऊ पडते.

खापरवाली_ताई: मटण रात्रभर बाहेर नव्हतं ना? दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं असेल तर ३-४ दिवस चालतं, नाहीतर मामीची माया बाजूला ठेव आणि फेकून दे.

जळगावचा_पोरगा: फ्रीजमध्येच होतं ताई. चार पाव संपले, रस्सा वाटीत घेऊन बुडवून खाल्ला 😄