मदत हवी आहे: लाठी जमते, पण नानचाकू आणि रोप डार्ट मलाच येऊन लागतात

नमस्कार मंडळी. मी इंदिरानगरचा, सातपूरला कंपनीत आहे. तीन वर्षं शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठी-काठी केलीय, पट्टाही थोडाफार फिरवलाय, त्यामुळे हात बसलाय असा माझा समज होता. दिवाळीत मित्राने लाकडी नानचाकू (साखळीने जोडलेले दोन दांडके) दिला, तो दोनदा कोपरावर बसला आणि हात अर्धा तास झिणझिणत होता. तरी शहाणपण आलं नाही, व्हिडिओ बघून रोप डार्ट (टोकाला वजन बांधलेली फिरवायची दोरी) बनवला, नायलॉनच्या दोरीला कंपनीतला मोठा नट बांधून (हसू नका).

रविवारी गच्चीवर आठचा आकडा फिरवता फिरवता हात बदलायला गेलो आणि नट थेट कानामागे. टेंगूळ आलं, चक्कर-उलटी काही नाही, तरी डॉक्टरांना दाखवून आलो. आईने नट लपवलाय, आणि खालच्या काकूंची पाण्याची टाकी वीतभराने वाचलीय, त्याबद्दल रोज ऐकतोय.

तर विचारायचं हे की लाठीत कधी असं झालं नाही मग यातच का होतं, सुरुवात कशाने करायची, हेल्मेट वगैरे लागतं का आणि दोरी-साखळी खराब झालीय हे आधी कसं ओळखायचं? नाशकात कोणी करत असेल तर सांगा.

पट्टेवाला:
अरे नट?? लाठी तुमचा हात थांबला की थांबते. दोरीचं टोक हाताच्या मागून येतं, हात थांबला तरी ते येतच राहतं. तुम्ही हात बदलताना क्षणभर दोरी सैल पडली असणार, तिथेच टोक मोकळं सुटलं. आणि दोरी कोपराला गुंडाळली की लांबी कमी कमी होत जाते आणि फेरे झपाझप व्हायला लागतात, नवशिक्याला तिथेच घाबरायला होतं आणि तो दोरी ओढतो. ओढू नका! ओढलं की टोक तोंडावर. चुकलं वाटलं तर हात स्थिर ठेवा आणि टोक जमिनीवर पडू द्या.
जुन्या मोज्यात टेनिस बॉल घाला, गाठ मारा, दोरी स्वतःच्या उंचीएवढी. पहिले आठ-दहा दिवस फक्त अंगाच्या बाजूला सरळ चाक, पुढे-मागे, आणि प्रत्येक वेळी थांबवायची प्रॅक्टिस. हात बदलणं नंतर. नानचाकूही फोमचाच घ्या, लाकडी आहे तो कपाटात ठेवा. केरळच्या कळरीत उरुमी, म्हणजे ती लवचिक तलवार, उगाच शेवटी देत नाहीत.

गोदाकाठची:
नायलॉन ताणतं आणि उलटं झटकतं, सुती दोरी घ्या. गाठीजवळचे धागे रोज बघायचे. नानचाकूला दोरी असेल तर भोकाच्या कडेला झिजते, साखळी असेल तर कडीचं तोंड उघडलंय का आणि फिरकी (साखळी जिथे दांडक्याला फिरते तो भाग) सैल झालीय का ते बघायचं. दोन मिनिटं लागतात, पण आमच्याकडे मुलं तेवढीही देत नाहीत.
डोळ्यांना पॉलीकार्बोनेटचा सेफ्टी गॉगल, कंपनीत मिळतो तोच, उन्हाचा चष्मा नको. क्रिकेटचं जाळीवालं हेल्मेट चालेल. आणि मुलांनो, एल-गार्ड (क्रिकेटवाले जांघेत घालतात तो) घाला, लाजायचं काय त्यात.
गच्ची विसरा. दोरी पूर्ण मोकळी सोडून हात लांब करून जेवढं वर्तुळ होतं त्याच्या दुप्पट जागा मोकळी हवी. गोल्फ क्लबवर म्हणजे अनंत कान्हेरे मैदानावर पहाटे कोपरा मिळतो, पण चालणारे आले की बंद करायचं, लहान मुलं तर नकळत जवळ येतात.

सिडकोचा_दादा:
व्हिडिओवरून शिकू नका, एवढंच. वस्ताद शोधा.

पट्टेवाला:
दादा, वस्ताद मिळेपर्यंत माणूस मोज्याने तरी जिवंत राहील ना.

मूळ पोस्टवाला:
सगळ्यांचे आभार. मोजा-बॉल नऊ दिवस झाले, फेरा सरळ जमतो, थांबवताना बॉल अजून गुडघ्यावर बसतो पण दुखत नाही. आई काल गच्चीच्या दारातून बघत होती, म्हणाली हे ठीक आहे. नट मात्र अजून मिळालेला नाही. आता एक सांगा, डाव्या हाताने चाक वाकडं जातं, ते मनगटाचं की खांद्याचं?

पट्टेवाला:
बहुतेक खांदा उचलताय. भिंतीला खांदा जेमतेम टेकेल इतकं जवळ उभं राहून रिकाम्या हाताने करा, दोरी अजिबात न घेता. मग कळेल.