चर्चा: एअर फ्रायर खान्देशी स्वयंपाकाला चालतो का?

तापीकाठ (भुसावळ)
माझं मत आधीच सांगतो: चालतो. आत तेल ओतायचं नसतं; वर कॉइल तापते आणि पंखा ती गरम हवा जोरात फिरवतो, म्हणजे छोटी भट्टीच. म्हणून वरण-बट्टीतली बट्टी यात झकास होते. नेहमीसारखी उकडून कापायची, कापांना तेलाचा हात लावायचा, १८० अंशांवर साधारण १५ मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. कढईभर तेल वाचतं. शिवाय भुसावळच्या मे महिन्यात तळणीसमोर उभं राहावं लागत नाही, एवढ्यासाठीच मी शंभरपैकी नव्वद मार्क देईन.

भरीतभक्त (यावल)
बट्टीचं ठीक. पण यात वांगं भाजून लोक त्याला ‘खान्देशी भरीत’ म्हणायला लागलेत, तिथं माझं डोकं फिरतं. आपलं हिरवं मोठं वांगं पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर टाकतात, साल काळं पडतं, धूर गरात मुरतो, मग बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, मिरची-लसणासोबत ठेचतात. त्या डब्यात वांगं फक्त मऊ होणार. धूर कुठून आणाल?

जळगावची_सून (सध्या पुणे)
दादा, पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत पऱ्हाट्या पेटवू का? सोसायटीवाले दुसऱ्या दिवशी नोटीस देतील. मी वांग्याला सुरीने टोचे मारते, तेल चोळते, २०० अंशांवर २५ मिनिटं ठेवते. वांगं फारच मोठं असेल तर उभं चिरून. टोचे मात्र विसरायचे नाहीत, नाहीतर वांगं फुटून गर वरच्या कॉइलला चिकटतो. बाकी शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी सगळं तेच. घरात कोणी ताट परत केलेलं नाही.

धुयाना_माणूस
ताई, भाजा नि खुशाल खा. पन त्याले भरीत म्हनू नका. धूरना वास नही, मंग ती वांगानी चटणी शे.

वायरमन_चोपडा
चवीवरून दोन दिवस भांडा, पण प्लग कुठे लावताय हे कोणीच बोललं नाही. १५०० वॅटचं यंत्र २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतं. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला ते झेपत नाही, आणि टीव्हीमागच्या एक्स्टेंशन बोर्डवर तर मुळीच लावू नका. वायर तापते, प्लग वितळतो. १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र पॉइंट हवा. मागून गरम हवा निघते म्हणून भिंतीपासून वीतभर लांब. जागा नाही म्हणून गॅसच्या शेगडीवर ठेवणारे पाहिलेत, चुकून बटण फिरलं तर काय होईल? आणि बटर पेपर टाकून रिकामा तापवू नका, कागद उडून कॉइलला लागला की पेटतो.

भरीतभक्त
हे पटलं. मग उडदाचा पापड?

जळगावची_सून
हलका पापड पंख्याच्या वाऱ्याने उडतो, तोच धोका. वर स्टीलची जाळी ठेवली तर जमतं, पण त्यापेक्षा गॅसवर भाजणं सोपं. भज्यांचा नाद सोडा, पातळ बेसन जाळीतून खाली गळतं.

साखरेवाला (नंदुरबार)
तेल कमी म्हणजे हवं तेवढं खा, असा अर्थ काढू नका. बटाटा खूप तापवून काळपट केला की त्यात अ‍ॅक्रिलामाइड हे तब्येतीला घातक मानलं जाणारं रसायन जास्त तयार होतं, मग कढई असो वा एअर फ्रायर. काप आधी पाण्यात भिजवा, पुसून घ्या, सोनेरी झाले की काढा.

धुयाना_माणूस
नि घरमा दहा मानसं जेवाले ऊनात तं?

तापीकाठ
तेव्हा कढईच. एका खेपेला दोन माणसांपुरती बट्टी निघते. काप एकावर एक रचले तर हवा फिरत नाही आणि मधले मऊच राहतात. दहा माणसांसाठी पाच खेपा केल्या तर पहिली बट्टी गार होऊन जाते.