हरित पक्षांना मते मिळूनही जागा का मिळत नाहीत?

गोदाकाठ: तपोवनातील वृक्षतोडीविरुद्ध नाशिककर एकत्र आले, तरी पर्यावरणाच्या प्रश्नावर एखादा पक्ष इथे निवडून येईल असे वाटत नाही. युरोपात हे कसे जमले?

पंचवटीकर: मुख्य कारण निवडणूकपद्धती. जर्मनीत ५ टक्के मतांची अट पूर्ण झाली की मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. म्हणूनच १९८३ साली अवघ्या ५.६ टक्के मतांवर ग्रीन म्हणजेच हरित पक्षाचे २७ खासदार निवडून आले. मात्र १९९० मध्ये, सारा देश पूर्व-पश्चिम जर्मनीच्या एकीकरणाच्या चर्चेत बुडालेला असताना, पश्चिम जर्मनीतील ग्रीन पक्ष ४.८ टक्क्यांवर अडकला आणि त्याच्या जागा गेल्या. पुढे १९९८ ते २००५ सत्तेत वाटा, २०२१ मध्ये सुमारे १५ टक्के मते आणि सरकारात राहिल्यानंतर २०२५ मध्ये ११.६ टक्के.

सिडकोवासी: आपल्याला ब्रिटन अधिक जवळचे, कारण लोकसभेसारखीच पद्धत तिथल्या संसदेसाठी आहे. तेव्हा याच पद्धतीने झालेल्या १९८९ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत सुमारे १५ टक्के मते मिळूनही तिथल्या हरित पक्षाला एकही जागा मिळाली नाही. ब्रिटिश संसदेतला पहिला विजय २०१० साली ब्रायटनमध्ये मिळाला आणि २०२४ मध्ये जागा चार झाल्या.

गोदाकाठ: म्हणजे सुरुवात महापालिकेपासूनच करावी लागेल, पण चार सदस्यांच्या अवाढव्य प्रभागात नवख्या उमेदवाराने घरोघरी पोहोचायचे तरी कसे?